कोमट झरा

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होती. गरम झऱ्यावरचं न्हाणीघर सांभाळणारी मावशी, आणि शेजारच्या नव्या वीजकेंद्रात नोकरीला लागलेला तिचा भाचा.

"पाणी कोमट झालंय रे झऱ्याचं."

"मावशी, आम्ही त्याची फक्त ऊब घेऊन वीज करतो. पाणी परत जमिनीतच सोडतो."

"गार करून!"

"अगं, खूप खोल सोडतो. तुझ्या कुंडातलं थर्मामीटर बघ, आकडा तोच आहे."

"ते तुमच्याच साहेबांनी लावलंय. माझं कोपर वीस वर्षं पाणी बघतंय."

"कोपराचं काय सांगतेस!"

"बरं, राहिलं. साहेब दर रविवारी गुडघे शेकायला यायचे, ते हल्ली फिरकत का नाहीत?"

"कामं वाढलीत त्यांची."

"आणि तू परवा त्यांच्या घरी गिझर कशाला बसवत होतास?"

"बस आली वाटतं."

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.