पंख्यात अडकलेली दोरी

—सहा पन्नासला. काल शनिवारी सकाळी सहा पन्नासला सुरू झालं हे सगळं. पक्कं सांगते मी, कारण पोरीच्या शाळेची गाडी पल्याडच्या काठावर सातला येती, आन् तवर माझा एक डोळा घड्याळावर आन् एक नदीवर असतोय. काय? दोरी कवापास्नं हाय असं इचारलंसा व्हय? मग दोरीचं न्हाय मी सांगत. दोरी… दोरी असती की. नदी म्हटल्यावर दोरी असणारच. आमचं मालक मासं धरत्यात, त्यांची हाय. बसा त्या दगडावर. असं कमरेवर हात ठेवून हुबं ऱ्हायलं म्हणून तुमच्या बोटीच्या पंख्यातली गाठ सुटत न्हाय. विळा हाय, व्हय, माझ्याच हातात हाय, मलाबी दिसतोय — पर कापणार न्हाय मी. वैरणीचा भारा बांधायची चांगली नायलॉनची दोरी हाय ही. म्हणजे मासं धरायचीच. भाऱ्यालाबी चालती. सुटंल सावकाश. तुमास्नी कुठं पोचायचंय एवढं आयतवारचं? मगाशी तर म्हणालासा, नुसतं फिरायला आलोय — मग फिरा की बसल्या जागी. नदी बघा. इंजिनाच्या आवाजात बघायची ऱ्हाऊन गेली असंल.

उचगावचं हायसा व्हय? मला वाटलं कुठलं लांबचं पावणं. उचगावात ऱ्हाऊन रबराची बोट घ्यायची, तिला इंजिन लावायचं, नारंगी जाकीट घालायचं आन् सुट्टीच्या सकाळी पाच-सात जणांनी मिळून पंचगंगा ढवळायची — ग्रुप म्हणं! आमच्या म्हशीबी ग्रुपनंच येत्यात पाण्यावर, पर त्या एवढा कालवा करत न्हाईत. हसू नका. काल तुमच्यातलंच कोणतरी व्हतं. तुमी नव्हतासा? असाल, नसाल, मला काय कळतंय — त्या जाकिटात सगळी एका भट्टीतल्या विटांगत दिसतासा. काल माझी पोरगी, संयू — संयोगिता नाव हाय, पाच वर्सांची हाय — तिच्या बाबासंगं काहिलीतनं पल्याड निघालती. काहील म्हणजे काय? उचगावचं ना तुमी? गूळ खातासा न्हवं? मग तो कशात शिजतोय, बादलीत? गुऱ्हाळावरची लोखंडी काहील हो, चार माणसं बसत्यात त्यात. गुऱ्हाळ बंद झालं तवा सासऱ्यांनी ती नदीला आणली. बूड सपाट, काठ हातभरबी उंच न्हाय, आन् गोल असल्यानं जरा हात चुकला की जात्यागत फिरती. मधी दुधाची किटली, किटलीला धरून पोरगी, आन् आमचं अमरसिंह गुडघ्यावर बसून वल्हवत्यात — रोज जात्यात असं. पुलावरनं जावं तर एवढा फेरा, की गाडी कवाच निघून जाती. आमच्या सासूबाई, आक्का, म्हणत्यात, आपल्या काहिलीतनं आजपातूर कोण बुडलं न्हाय. आजपातूर न्हाय बुडलं म्हणून पुढचा दाखला मिळतोय व्हय? आन् तेवढ्यात वळणावरनं तुमची बोट आली. होडी लाटंवर चढती, पावणं. काहिलीचं उलटं हाय — लाट काहिलीत चढती. एक लाट, मग दुसरी. पोरीचा डबा गेला, एक बूट गेला, निम्मं दूध गेलं, आन् पोरगी… पोरीच्या दप्तराचा पट्टा मालकाच्या हातात आला म्हणून. पट्टा! शिवण कसली असती त्या दप्तराची, मला इचारा, दोनदा मीच टाकं घातल्यात. आन् बोटीतनं तुमची माणसं हात हलवत्यात. एकजण मोबाइल धरून म्हणतोय, बघा बघा, गावठी बोटिंग!

आन् माझ्या रत्नानं काय करावं? हसली. भिजून चिंब, पायात एकच बूट, आन् टाळ्या पिटून म्हणती, बाबा, पुन्यांदा! तिचा बाबा घरी येऊन म्हणतोय, काय झालं न्हाय की गं वर्षे, पाणी आलं, उपसलं. उपसलं म्हणं. सांडलेलं ताक हाय ते? बापलेक दोघं जेवून झोपली गुमान. मी जागीच हाय तवापास्नं.

गळ कुठं हायत दोरीला? कसलं गळ? हां, गळ… मासं घेऊन गेलं गळ. एवढं काय इचारतासा, पोलिसात हायसा? मासं धरायचं तुमास्नी काय ठाऊक! ठाऊक हाय म्हणता? म्हणजे त्या दुसऱ्या जातीतलं तुमी. येत्यात हितं शहरातनं, घडीची काठी, चकचकीत चकरी, डोक्याला टोपी, बसायला खुर्ची. सकाळभर बसत्यात. बरं, मासा लागतोयबी एखादा. मग काय करत्यात? त्याला उचलत्यात, गालाला लावून फोटो काढत्यात, आन् परत सोडून देत्यात! मी इचारलं एकाला, आवो मग धरलासा कशाला, त्याला जरा वरचा गाव दाखवायला व्हय? तर म्हणतोय, ताई, ह्यात समाधान असतंय. तोंडात गळ मासळीच्या आन् समाधान ह्याला.

न्हाय, आमच्या मालकास्नी कुठलं जमतंय, त्यांच्यात दम न्हाय बसायचा, बिडी संपली की उठत्यात. मग कोण धरतंय म्हणजे? …बरं, मी धरते. काय झालं? माझं माहेर वारणाकाठचं, काकानं शिकवलंय. त्यात काय मजा हाय? काय न्हाय. घाण हाताला लागती, गांडूळ चिरावं लागतंय, डास खात्यात. पर माझं डोकं कसं हाय सांगू — संयू खोकली की मला दवाखाना दिसतोय, संयू गप बसली तरी दवाखानाच दिसतोय. म्हशीनं पाय उचलला की वाटतंय पोरगी मागं हुबी असंल. शाळेची गाडी आली की तिचा ब्रेक लागंल का न्हाय. आक्का म्हणत्यात, वर्षाराणी, तुझ्या डोक्यात गिरणी हाय, दाणं नसताना फिरती. फिरती खरं. हितंच तेवढी बंद पडती. पोरगी शाळंला गेली, भांडी झाली, की ह्या करंजीच्या झाडाच्या बुडात बसते, गळाच्या दोऱ्याला बांधलेलं मोराच्या पिसाचं देठ पाण्यावर सोडते आन् त्याच्याकडं बघते. ते हलतंय का न्हाय, एवढंच. जरा डुलतंय, थांबतंय. खाली मासा आलाय, हुंगतोय, तोंड लावतोय, सोडतोय — देठ पाण्यात जायच्या आधी जो दम असतोय बघा, तवा माझ्या डोक्यात पोरगीबी नसती. आईनं असं बोलू नये. पर नसती. मग चिलापी लागली तर कालवण, न्हाय तर डाळ हाय घरात. आन् तेवढ्यात तुमचं घर्र करून येतंय. देठ नुसतं नाचत बसतंय, मासं पार पल्याड, आन् गिरणी चालू.

नदी सगळ्यांची हाय म्हणता? मग व्हय की! मी कुठं सातबारा दाखवला तुमास्नी? श्रावणात शर्यतीच्या होड्यांचा सराव असतोय हितनं, वीस-वीस पोरं एका होडीत, पाणी कापत येत्यात. पर वळणाच्या आधीच एकजण लांबनं हाळी देतोय. मी काठी उचलून आडवी धरते, काहील असली तर काठाला थांबती, ती जात्यात सूं करून. जाता जाता एखादा आगाऊ म्हणतोय, वयनी, कालवणाला येऊ काय? मी म्हणते, आधी नंबर आणा, मग या, न्हाय तर काटं खावा. झालं. एवढंच लागतंय, पावणं. एक हाळी. तुमास्नी ती देता येत न्हाय, कारण दिली तरी तुमचं तुमालाच ऐकू जात न्हाय.

मग पोरीला अल्याडच्याच शाळंत घाला म्हणता? लई सोपं हाय न्हवं? अल्याडला चौथीपातूर शाळा, दोन मास्तर, त्यातला एक कायम मीटिंगला. माझी शाळा सातवीत सुटली, का सुटली म्हायती हाय? नापास न्हाय झाले, वर्गात दुसरी आलते. पुढची शाळा वारणंच्या पल्याड. होडीनं जायला लागायचं. आन् माझ्या आईला पाण्याचं भ्या. ती म्हणाली, शाळा नको, पोरगी जिती ऱ्हाऊ दे. ऱ्हायले की जिती. हितं बसून तुमच्या पंख्यातली गाठ सोडाय लागले. आता मला माझ्या आईगत वाटाय लागलंय काल सकाळपास्नं, आन् त्याचा राग लई येतोय. उद्या सोमवार. उद्या सहा पन्नासला पोरीला काहिलीत बसवायची का न्हाय, हे मी ठरवायचं, कारण तिचा बाप काय झालं न्हाय म्हणून मोकळा. न्हाय बसवली तर एक दिवस जाईल. मग दुसरा. आईनं माझं असंच केलं, एका दिवसापास्नं.

ही बघा, सुटली गाठ. पंखा फिरवून बघा हातानं. फिरतोय न्हवं? एक धागाबी तुटला न्हाय. ओ, ओ, ते टोक सोडू नका करंजीचं! ऱ्हाऊ दे तसंच. व्हय, बांधलेलं हाय. पल्याडचंबी बांधलंय, आंब्याच्या बुंध्याला. मासं धरायला नदीत आडवी दोरी कोण बांधतंय, आता एवढं तुमाला कळलं असंल तर कळू दे. मी बांधली. आज दिस उगवायला. मालकास्नी ठाऊक न्हाय, आक्कास्नी न्हाय. हातभर पाण्याखाली सोडलीया. काहील वरनं जाती, शर्यतीची होडी वरनं जाती, म्हस पवत गेली तरी दोरी बाजूला सरती. खाली लोंबतोय तो तुमचा पंखाच तेवढा. मी बघितलं की मोजून… मोजून म्हणजे, डोळ्यानं. डोळं करून घेऊ नका मोठं. लागलं काय तुमास्नी? पडलासा? भिजलासा तरी? नुसतं थांबलासा. माझ्या पोरीगत बूट तरी गेला काय तुमचा? चूक हाय म्हणता? असंल. तक्रार करा. ग्रामपंचायतीत मीच गेलते काल, तर तिथला म्हणतोय, बोटीवाल्यांमुळं गावाचं नाव होतंय, ताई. गावाचं नाव! त्याची पोरगी मोटारीतनं जाती शाळंला.

मागनं अजून दोन येत्यात? तुमच्याच ग्रुपच्या? …व्हय, येत्यात खऱ्या. आवाज आला बघा. बांधाच्या पल्याड असतील, आत्ता वळणाला लागत्यात. तुमी काय बसून ऱ्हायलासा? उठा. त्या दगडावर चढा. दोरी न्हाय काढणार मी, ते इचारूच नका. तुमी त्यास्नी सांगा. करंजी दिसली की इंजिन बंद, पुढं वल्ह्यानं, पार त्या आंब्यापातूर. आज सांगा, घरी जाऊन ग्रुपवर टाका, जे आले न्हाईत त्यास्नीबी सांगा, त्यांच्या वळखीच्यास्नी सांगायला सांगा. पहाटंपास्नं काहिलीत पोरं असत्यात म्हणून सांगा. आन् दोरीचं सांगू नका. न्हाय — सांगा. दोरीचंबी सांगा, वळणावर रोज असती म्हणून सांगा. बघतासा काय माझ्याकडं? मी न्हाय हाक मारणार. काल मारली मी, हितनंच, ह्याच दगडावरनं, आवाज बसंपातूर मारली, आन् त्यांनी मला हात हलवून दाखवला. तुमी मारा. तुमच्या अंगात जाकीट हाय, तुमचं ऐकत्यात. वरडा की!