मीठ तेवढं सरिताचं

…मग तुमी काहून उन्हात उभ्या ताई? लाईनीत तुमचे मिस्टर उभे हायेत न, तुमी बसा इथं. बेंच माझाच हाय. केळं घेतलंच पाहिजे असं काही न्हाई — घेतलं तर बरंच, डोंगरकड्याची केळी हायेत, सालीवर डाग पडला तर आतून जास्तच गोड — पण तुमी पोट राखून ठेवा, सुशीला खायला आल्यात न? व्हय, ओळखलं मी. औंढ्याला दर्शन केलं अन् मग मोबाईलात बघून वसमतला वळल्या, समदे तसेच येऊन राहिले आता. कोणी पुण्याहून, कोणी कुठून. वसमतला गेलं तर सरिताबाईचा सुशीला अन् गुळाचे गुलगुले खाल्ल्याबिगर माघारी फिरायचं न्हाई, असं त्यात लिहिलं हाय म्हणं. चांगलं लिहिलं. खोटं काही न्हाई त्यात. म्हंजी — खोटं हाय ते नावापुरतं. जाऊ द्या, ते तुमच्या कामाचं न्हाई.

वेळ लागंल अजून, पहिला घाणा संपला तिचा, दुसरा टाकलाय. तवर मला विचारा काय काय खायचं ते. मोबाईलाला काय कळतं, त्याला जीभ हाय का? इथून स्टँडाकडं गेल्या की उजव्या हाताला मिर्चीभजे मिळतात, अख्खी मिरची, बेसन पातळ — अन् त्याच्यासंगं जिलेबी घ्यायची. हसू नका! एक घास तिखट, एक घास गोड, आमच्याकडं असंच खातात, तुमी खाऊन तर बघा. बाजाराच्या दिवशी आल्या असत्या तर गोडीशेव मिळाली असती, गुळाची, ताजी — आता जी मिळंल ती पाकीटातली, ती घेऊ नका, खवट लागती. वाशिमकडून जाणार असाल तर कनेरगाव नाक्याला ढाब्यावर शेवभाजी खा, पण भूक लागली तरच, उगं नावासाठी न्हाई. अन् हा सुशीला — तुमाला कोणी सांगितलं का सुशीला म्हंजी काय? मुरमुरे. भिजवलेले मुरमुरे. इतकंच. गरिबाचा नाष्टा हाय. पण भिजवायचे म्हंजी बुडवून ठेवायचे न्हाई, पाण्यातून नुसते काढायचे, लगेच फडक्यात घेऊन पिळायचे, अन् पिळायचे बी असे की पाणी निघालं पाहिजे पण मुरमुरा मोडला न्हाई पाहिजे. मग डाळव्याचं कूट. तेच तर समदे विसरतात. कूट लावलं की मुरमुरा मोकळा राहतो, न्हाई तर त्याचा गोळा होतो. मग कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद आमच्या वसमतचीच, फोडणी खरपूस — काय? मला कसं माहीत?

मला कसं माहीत म्हंजी — मीच करत होते न. आता बोलले तर बोलले. तिथंच, समोर तिच्या हॉटेलात, त्या पडद्यामागं. हे जे तुमी मोबाईलात वाचून आल्या न ताई, ते लिहिलं कव्हा? मी होते तव्हा. तो जो कोणी फोटू काढायला आला होता, त्यानं दोन पलेट खाल्ल्या, बोटं चाटली, ते माझ्या हातचं होतं. माझ्या हातचं अन् माझ्या मायचं. माझी माय कमलबाई, तिच्यासारखा सुशीला आमच्या गावात कोणाला जमत नव्हता. आमच्या गल्लीत लग्न असलं की पाव्हण्यांना सकाळचा नाष्टा तिच्याच हातचा. ते मी सरिताला दिलं. कोणी मागितलं न्हाई, आपणहून दिलं.

मैत्रीण होती ना. आमच्या खोल्या पाठीला पाठ, मधात एकच भिंत. तिचा मालक सुरज गाडीवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस घरी न्हाई — हिला रात्री भ्या वाटायचं तर भिंतीवर ठोकायची, मी इकडून ठोकायची, मग झोपायची. तिच्या घरात तुळजाभवानीचा फोटू, माझ्या घरात बाबासाहेबांचा, आमाला कव्हाच तकलीफ झाली न्हाई त्याची. माझ्या घरी बसून जेवायची ती, माझ्या ताटात. माझी आरोही तिला मावशी म्हणती, अजून म्हणती. मग एकदा तीच म्हणली, पंचफुला, तुझ्या हाताला चव हाय, माझ्याकडं रोडवरची जागा हाय, आपण दोघी हॉटेल टाकू. तू मागं, मी पुढं. मला पुढं बोलायला जमत न्हाई म्हणून मीच व्हय म्हणले. आता तुमी म्हणाल कसं जमत न्हाई, मघापासून तर तोंडाला कुलूप न्हाई! तव्हा नव्हतं जमत. मन दुखलं की तोंड आपोआप चालतं.

अन् एक रीत होती आमची. समदं मी करायचं — भिजवणं, पिळणं, फोडणी, गुलगुल्याचं पीठ, गुळाचं पाणी, तळणं, समदं. मीठ तेवढं सरिता टाकायची. समोरून उठून आत यायची, मीठ टाकायची, हात पदराला पुसायची अन् परत गल्ल्यावर. गुलगुल्यात बी, गोडाला चिमूटभर लागतंच न मीठ, ते बी तीच टाकायची. मी विचारलं होतं एकदा, काहून गं? तर म्हणली, तुझा हात भारी हाय बाई, तुझ्यानं जास्त पडतं. अन् माझ्या हाताचं मीठ असलं की धंद्याला बरकत राहती. मी खरं मानलं. खरं काय, मला आवडायचं ते! कितीबी गर्दी असो, एवढ्यासाठी ती आत यायची, माझ्या खांद्यावर हात ठेवायची, मीठ टाकायची. मी आरोहीला सांगायची, बघ, चव माझी न्हाई, आमच्या दोघींची हाय. अशी येडी मी.

मग व्यंकटराव आले. तुमाला नाव माहीत नसंल, इथले मोठे हळदवाले, जुनं घराणं. नातवाचं बारसं होतं, सुशीला अन् गुलगुल्याची मोठी ऑर्डर द्यायला स्वतः आले. मी मागं मुरमुरे पिळून राहिले होते. पडदा वाऱ्यानं हलला असंल, त्यांनी मला बघितलं, ओळखलं कोणाची ते. अन् विचारलं — हळू न्हाई, चांगलं मोठ्यानं विचारलं — सरिताबाई, ती मागं काय करती? सरिता म्हणली, वरचं काम, भिजवणं-पिळणं. ते म्हणले, अन् अन्नाला? घरात सोवळंओवळं मानणारी म्हातारी माणसं हायेत माझ्या. तर ती उठली ताई, भट्टीच्या कठड्यावर हात ठेवला अन् म्हणली, अन्नाला तिचा हात न्हाई. मीठ माझ्याच हातानं पडतं, पहिल्या दिवसापासून, अन्नाची शपथ घेऊन सांगते. अन् व्यंकटरावाचं समाधान झालं! म्हणले, मग काही हरकत न्हाई. मीठ पडलं की अन्न, तवर तो नुसता शिधा.

कळलं का तुमाला? मला बी तव्हाच कळलं. जुन्या लोकांत हाय ती समजूत, मी लहानपणी ऐकली होती, पण माझ्या ध्यानातच आली न्हाई कव्हा. मीठ पडेपर्यंत कोणाचा बी हात चालतो. जात बघायची ती मीठ टाकणाऱ्या हाताची. म्हणून ती आत यायची. बरकतीसाठी न्हाई, माझ्यासाठी न्हाई. कोणी विचारलं तर शपथ घेता आली पाहिजे म्हणून! धंद्यासाठी भिऊन खोटं बोलली असती न, तर मी सोसलं असतं. माणूस खोटं बोलतं, पोटासाठी बोलतं. पण ती खोटं बोललीच न्हाई. खरी शपथ घेतली तिनं. पहिल्या दिवशी, जव्हा आमी नारळ फोडला अन् एकमेकीला गुलगुला भरवला, त्या दिवशी बी तिच्या डोक्यात हे होतं. माझ्या ताटात जेवून तिच्या डोक्यात हे होतं.

अन् मी काय केलं विचारा. काहीच न्हाई. हातात मुरमुऱ्याची मोट होती, ती पिळली. कूट लावलं. फोडणी दिली. घाणा अर्धा टाकून कसं उठावं, अन्न हाय ते. अन् समदं झाल्यावर मीच आवाज दिला, सरिता, मीठ टाक. आली. टाकलं. खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं मला ऐकू गेलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासून मी गेले न्हाई अन् हा केळ्याचा गाडा लावला. तिच्या समोरच लावला, व्हय. लोक म्हणतात खुन्नस हाय. असू द्या खुन्नस. केळं समदेच घेतात माझ्याकडून, व्यंकटरावाच्या घरी बी जातात, त्याला मीठ लागत न्हाई न.

आता कसा असतो तिचा सुशीला? खोटं बोलणार न्हाई, एकदा मागवला होता मी, माणूस पाठवून. मुरमुऱ्याचा गिचका. कूट कच्चं. गुलगुले आतून ओले. मीठ तेवढं बराबर होतं! तेवढंच येतं तिला. हसा, हसा, मी बी हसले होते. पण लोक अजून येतात, मोबाईलात लिहिलंय म्हणून येतात, अन् चांगला लागला म्हणून सांगतात. सांगायचंच असतं ना, एवढ्या लांबून आल्यावर.

आज सकाळी आली होती ती. इथंच, तुमी बसल्या तिथं बसली. रडली. म्हणली, पंचफुला, परत ये, माझ्यानं होत न्हाई, गिऱ्हाईक तुटून राहिलं. मी म्हणले, कशाला येऊ, शिधा करायला? तर माझे हात धरले, भर रोडवर, अन् म्हणली, चुकलं माझं. आता तूच मीठ टाक. अन् आजपासून जो विचारंल त्याला तोंडानं सांगते, हे पंचफुलाच्या हातचं हाय, तिच्या मायचं हाय. मी काय म्हणले? मी म्हणले बघू. बघूच म्हणले. असं एका रडण्यानं थोडंच विरघळतं माणूस? …म्हंजी तिचा चेहरा उतरलाय पार. वाळली हाय. सुरजचं बी काही खरं न्हाई म्हणं.

ताई, एक करता का — काही न्हाई, सहज — तुमच्या मिस्टरला फोन लावा अन् म्हणा, तिथं त्या बाईला विचारा, हे कोण करतं म्हणून. माझं नाव घेऊ नका. नुसतं विचारायचं, तुमी लोक विचारताच की. तिचं बोलणं मोबाईलात भरून घ्या म्हणा पाहिजे तर. मला काय, मला काही न्हाई त्याचं, आपलं सहज. लावला? …व्हय, तेच, निळ्या शर्टाचे. बघा, पोचले समोर. बोलून राहिले. हसून राहिली ती, दिसतंय मला. इकडं बघितलं का हो तिनं? बघितलं वाटतं. बघितलंच.

या दादा, या, बसा. सांडला न्हाई न? विचारलं का तुमी — मोबाईलातच घेतलं? लावा न. जरा आवाज वाढवा, ट्रकच्या आवाजात ऐकू येत न्हाई. थांबा, ताई, बोलू नका, ऐकू द्या…

…काय म्हणली? परत लावा.

'सासूबाईची रेसिपी हाय.' सासूबाईची म्हणली. 'मी एकटीच करते, हाताखाली कोणी न्हाई.' सासूबाईची! तिच्या सासूला सुशीला काय असतो ते माहीत नव्हतं हो, माझ्या घरी खाल्ला म्हातारीनं पहिल्यांदा. माझं नाव न्हाई घेतलं, न्हाई घेतलं, मला सवय हाय. पण माझी माय बी — माझी माय बी पुसून टाकली तिनं? सकाळी तर हात धरून रडली. सकाळचा दिवस अजून डोक्यावर आला न्हाई. अन् मी तिला बघू म्हणले न्हाई ताई. व्हय म्हणले होते. येते म्हणले होते, दुपारी गाडा आवरून येते. आरोहीला फोन करून सांगितलं बी, मावशी सुधारली म्हणून.

बंद करा ते. बंद करा म्हणते न.

न्हाई, रडत न्हाई. मला नको पाणी. तुमी कशाला माफी मागता, तुमी काय केलं? खा तुमी, गार होऊन राहिला. …न्हाई, इथं नका खाऊ. त्या तिकडं झाडाखाली सावली हाय, तिथं बसा दोघं जाऊन. उठा ताई. उठा म्हणते न — केळं घ्यायचं असंल तर घ्या, न्हाई तर बेंच मोकळा करा, मला धंदा करायचाय.