पाच वेळा उघडा

(बनशंकरी, १९९८. हॉलमधल्या जुन्या कंप्यूटरसमोर प्रेमाअक्का. तिचा धाकटा भाऊ गुंडू खुर्चीमागे उभा.)

प्रेमाअक्का : हे बघ, पुन्हा तेच! "पाच वेळा उघडून झालं, आता विकत घ्या." अरे, तुझ्या खेळातलं मी अजून बघितलंच काय?

गुंडू : अक्का, डेमो म्हणजे नुसती चव. आधीच्या डेमोत खेळातले पहिले तीन किल्ले फुकट जिंकू दिले, तर लोक तेवढ्यावरच खूश. एकानं आभाराचं पत्रसुद्धा पाठवलं. पूर्ण खेळ विकत कुणी घेतला नाही.

प्रेमाअक्का : म्हणून मला वेशीवरूनच हाकललंस होय?

गुंडू : पाचदा चालू करता येतो की! एकदा बसलं की माणूस तासभर तरी खेळतो.

प्रेमाअक्का : बसू देतं कोण? सकाळपासून पाचदा करंट गेला. दर वेळी नव्यानं चालू केलं, ते तुझ्या खेळानं मोजलं.

गुंडू : पाचदा? मला कळलंच नाही.

प्रेमाअक्का : कसं कळेल? तुझ्या खोलीत यूपीएस. डोक्यावरचा पंखा थांबला तरी महाराजांना पत्ता नाही. दोन वर्षं असाच बसलायस.

गुंडू : अय्यो, अक्का... हाच डेमो काल दयानंद सरांना दिला. मारतहळ्ळीला.

प्रेमाअक्का : तुझा खेळ वेबसाइटवर ठेवणार आहेत, तेच ना?

गुंडू : आवडला तर. नाहीतर सोमवारपासून अण्णाच्या दुकानात बसेन, असं कबूल करून बसलोय.

प्रेमाअक्का : मारतहळ्ळीत करंट जात नाही रे, मधूनमधून येतो. लाव फोन!

गुंडू : हॅलो, सर? गुंडू बोलतोय. डेमोबद्दल—

दयानंद (फोनवर) : अहो गुंडूराव, काय बनवलंय! पाच वेळा करंट गेला आणि बसलं की हो कुलूप! कंप्यूटरची तारीख मागं नेली, सगळं काढून पुन्हा टाकलं. ऑफिसातले तिघं भिडले. उघडेल तर शपथ!

गुंडू : सॉरी सर, चुकलंच माझं. खेळलेला वेळ मोजायला हवा होता. आजच नवा डेमो आणतो. पूर्ण एक तास. करंट गेला तर होता तिथूनच पुढे.

दयानंद : छे छे, हात लावू नका त्याला! आमचं सॉफ्टवेअर लोक फुकट वापरतात, त्याला हेच कुलूप पाहिजे. सोमवारी या. नोकरीच देतो.

गुंडू : आणि खेळ, सर?

दयानंद : खेळ होता होय त्यात?

प्रेमाअक्का : ठेवलास फोन? काय म्हणाले रे? तोंड का असं?

गुंडू : नोकरी देतायत. कुलपं करायची.

प्रेमाअक्का : आणि तुझे किल्ले?

गुंडू : त्याला दोन वर्षं लागली, अक्का. कुलूप मी एका दुपारी केलं होतं.

प्रेमाअक्का : मग काय सांगितलंस?

गुंडू : सरी, येतो म्हटलं. आधी तीन महिने काम बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार.

प्रेमाअक्का : तीन महिने? तुला बरी मुदत दिली रे त्यांनी.