खालच्या शिंगातलं भोक

बायको: पण वाजवणार कोण ती गिटार? भिंतीवर टांगणार, आणि धूळ पुसायला मी.

नवरा: हळू बोल जरा. तो ऐकतोय.

दुकानदार: बोला काकू, बिनधास्त बोला. इथे येणाऱ्या सगळ्या काकू हेच बोलतात. काका, खाली काढून देऊ का? लांबून काय कळणार?

नवरा: नको, म्हणजे… काढा. घ्यायचीच आहे असं नाही हं.

दुकानदार: बघायला काय जातंय? सांभाळून धरा, जड आहे. एवढे मोठे गिटारवादक, त्या सरांचं सिग्नेचर मॉडेल, त्यांच्या स्वतःच्या गिटारीची नक्कल. सर गेल्यापासून कंपनीने बनवणं थांबवलंय. आमच्याकडे ही एकच उरलीय. डोक्यावर सोनेरी सही बघा, हुबेहूब त्यांची.

बायको: आणि ही अशी पोपडे निघालेली कशी? नवी म्हणून जुनी खपवताय की काय?

दुकानदार: नाही हो काकू. सरांच्या मूळ गिटारीवर जिथे जिथे रंग उडालाय, तिथे तिथे हिचाही उडवलाय. ओरखडासुद्धा मोजून मापून. त्याचेच जास्त पैसे.

बायको: अगंबाई! आमच्या घरातली निम्मी भांडी मग केवढ्याला जातील!

दुकानदार: सरांचे जुने चाहते का, काका?

नवरा: हो. जुनेच.

बायको: अहो, सांगा की त्यांना, आपण—

नवरा: काही सांगायचं नाहीये. तू बस तिथे.

दुकानदार: वाजवून बघता? स्पीकरला लावून देतो. वायर आत आहे, शोधून आणतो.

(दुकानदार आत जातो.)

बायको: भाऊ म्हणायची लाज वाटते का?

नवरा: लाज नाही गं. काय सांगू? तुमच्या सरांचा सख्खा भाऊ आहे, आणि शेवटची काही वर्षं त्याचं तोंडही पाहिलं नाही, असं?

बायको: हॉस्पिटलात होते तेव्हा मी घसा फोडून सांगत होते, जाऊन या. गेला नाहीत. आणि आता त्यांची गिटार हवी.

नवरा: त्याची नाही.

बायको: सोन्याने नाव लिहिलंय की त्यांचं!

नवरा: मूळची माझी होती.

बायको: काय तुमची?

नवरा: गिटार. जुन्या बाजारातून घेतलेली, छापखान्यातल्या पहिल्या पगारात. अप्पा महिनाभर बोलले नव्हते माझ्याशी.

बायको: तुम्ही? गिटार? लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला साधी शीळ घालताना ऐकलं नाही मी.

नवरा: तुझ्या आधीचं आहे सगळं. अप्पांची नजर गेली, छापखान्यात त्यांच्या जागी मला उभं राहावं लागलं. दिवसभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, रात्रपाळी असली की रात्रीही. म्हटलं धाकट्याला, तू वाजव. झालं.

बायको: झालं म्हणे. आणि ते तर मुलाखतीत सांगायचे, भंगारवाल्याकडे सापडली म्हणून.

नवरा: ऐकलंय मी. दर वेळी तेच सांगायचा. म्हणून तर… जाऊ दे. हे बघ. इथे, दांड्याच्या दोन बाजूंना ही शिंगं आहेत ना, त्यातल्या खालच्या शिंगाच्या टोकाला.

बायको: भोक आहे. कीड लागलीय का?

नवरा: मी पाडलेलं.

बायको: नव्या गिटारीला तुम्ही कधी पाडलंत?

नवरा: अगं, मूळच्या गिटारीला. तिची नक्कल आहे ही. पट्टा अडकवायचं बटण असतं ना, ते वरच्या शिंगावर लागतं. आमच्या गिटारीचं तुटलेलं होतं. उभं राहून वाजवायची फार हौस. म्हटलं, नवं भोक पाडून आपणच बसवू. पुढचा रंग खरचटू नये म्हणून गादीवर पालथी घातली. डावीकडचं शिंग, डावीकडचं शिंग, असं घोकत गिरमिट चालवलं. पालथी घातल्यावर डावीकडे दुसरंच शिंग येतं, हे लक्षातच नाही आलं.

बायको: हे मात्र तुमचंच काम. शोभतं.

नवरा: दिवसभर उलटी अक्षरं जुळवायची. माझं डावंउजवं तेव्हापासून जे गडबडलंय ते गडबडलंयच. धाकटा कंदील धरून उभा होता. सुलटी केली, तर भोक खालच्या शिंगाला. मग तो जो हसत सुटला! त्याच्या हसण्याने कंदील हलायला लागला. मी म्हटलं, अप्पांनी बघायच्या आत आगकाड्या नि सरस घालून बुजवून टाकतो. तर म्हणतो कसा, ‘दादा, बुजवू नकोस. त्यातून वारा जाईल.’

बायको: वारा?

नवरा: लहान होता गं. काहीही बोलायचा. ते भोक तसंच राहिलं.

बायको: आणि कंपनीवाल्यांनी तेही उतरवलं! म्हणजे तुमची चूक हे लोक पैसे घेऊन विकतायत.

नवरा: हं. या माहितीपत्रकात काय छापलंय बघ. ‘कारकिर्दीच्या सुरुवातीला तोल साधण्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पाडलेले छिद्र.’

बायको: स्वतःच्या हाताने? कसला खोटारडेपणा!

नवरा: असं म्हणू नकोस. गेलाय तो. त्याला खरंच तसं आठवत असेल. किंवा माझंच चुकत असेल. माणूस घोकून घोकून काहीही खरं करतो. गिरमिट त्याच्या हातात होतं आणि कंदील माझ्या, असंही असेल. कोण सांगणार आता?

बायको: स्वतःवर विश्वास म्हणून नाही या माणसाचा. विचारायचं होतंत त्यांना.

नवरा: एवढ्याशा भोकासाठी? तो केवढा मोठा झालेला. मला वाटलं, विसरलाय तो सगळं. विसरलेल्या माणसाकडे जाऊन काय आठवण करून द्यायची? म्हणून नाही गेलो.

बायको: हॉस्पिटलातही?

नवरा: तिथे तर मुळीच नाही. गिटार परत घ्यायला आलोय असं वाटलं असतं त्याला.

दुकानदार: सापडली बुवा वायर! लावतो हं. घ्या काका, एक तरी तार छेडा.

बायको: थांबा हो, आधी मला सांगा. हे भोक कशाला ठेवलंय?

दुकानदार: आता काकू, खरं सांगू? कशालाच नाही. तोलबिल सगळं छापायला. पुस्तिका लिहिणाऱ्याला काहीतरी लिहायला हवं ना. त्या बाजूला पट्टा लावला तर गिटार कोलांटी खाईल. कंपनीच्या इंजिनिअरने वगळलंच होतं ते.

नवरा: मग?

दुकानदार: सर चिडले. हे मॉडेल बाजारात आलं तेव्हा ते इथे आले होते, याच खुर्चीत बसले होते काकू बसल्यात तिथे. त्यांनीच सांगितलं. कंपनीला म्हणाले, भोक नसेल तर माझी सही पण नको.

नवरा: का, ते सांगितलं?

दुकानदार: मी विचारलं की. सर, फायदा काय त्याचा? हसले. म्हणाले, त्यातून वारा जातो.

बायको: अहो…

दुकानदार: आम्ही सगळे हसलो. मोठी माणसं, काहीही बोलतात. काका, बसता का? पाणी आणू?

नवरा: नको. ठीक आहे मी.

बायको: ऐकलंत ना? आठवत होतं त्यांना. सगळं आठवत होतं.

नवरा: हो.

बायको: मग तोंड असं का केलंत?

नवरा: विसरला असता तर बरं झालं असतं.

बायको: काहीतरीच काय बोलता!

नवरा: तो विसरलाय, एवढ्या एका समजुतीवर मी घरी बसून राहिलो. आता ती पण गेली.

बायको: मग… मग घेऊन टाका. मी काही बोलणार नाही. स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू. धूळ पण पुसेन.

नवरा: थांब. जरा बघू दे.

बायको: काडेपेटी? सिगारेट सोडलीत ना तुम्ही?

नवरा: कान कोरायला ठेवलीय गं. एक काडी घालून बघतो. आमचं गिरमिट घसरलं होतं. भोक तिरपं गेलेलं, काडी घातली की खाली झुकायची.

दुकानदार: अहो काका, नवा माल आहे, जपून!

नवरा: सरळ आहे.

बायको: काय?

नवरा: काडी बघ, सरळ उभी राहिलीय. यंत्राने पाडलंय. ओरखडे मोजले त्यांनी, पण भोकाच्या आत कोण बघतो?

बायको: एवढ्याने काय होतं? त्यांनी तुमच्यासाठीच ठेवायला लावलंय ना ते?

नवरा: त्याने ठेवलेलं खऱ्या गिटारीत होतं. ती आता कंपनीच्या काचेच्या कपाटात. तिथे जाऊन काय सांगू, जरा काडी घालून बघू द्या? नको. ठेवा ही परत.

दुकानदार: एवढी पारखून बघितलीत आणि नको? काका, भोकाचं मनावर घेऊ नका. घेणारे बरेच जण आधी ते बुजवूनच मागतात. आमचा कारागीर असं बुजवतो की शोधून सापडणार नाही.

नवरा: बुजवून देता?

दुकानदार: फुकट.

बायको: अहो, घ्या ना. मी सांगतेय, घ्या.

नवरा: चल. उशीर होतोय.

बायको: एक तार तरी छेडा. त्याने एवढी वायर शोधून आणलीय. मला ऐकायचंय.

नवरा: बोटं विसरली असतील.

बायको: पुन्हा तेच. विसरली असतील म्हणून घरी बसायचं का?

नवरा: …कुठे लावायची ही वायर?

दुकानदार: इथे, या खाचेत. आवाज कमी ठेवलाय मी. हं, बघा… वा! काका, हात बसलेला आहे तुमचा.

बायको: थांबलात का?

नवरा: पुढचं धाकटा वाजवायचा. धरा हो ही. नीट टांगा.

दुकानदार: बरं. अहो काका, तुमची काडी राहिली भोकात.

नवरा: राहू द्या. बुजवताना लागेल.