पाटीची मागची बाजू

— कोनाचाच इश्वास नाही बसला, गुरुजी! तुमचाबी नाही. थांबा, वांगे निवडू नका, मीच देते. तुमी पुन्याकडचे, किडकं वांगं वरून वळखू येते होय तुमाले? बसा त्या पोत्यावर, लोनारची मोटार याले अजून वेळ हाये. हं, तं काय म्हनत होती मी? इश्वास. आमची जनका दिवेलागनीले पाटी घेऊन बसते, तुमी देल्लेला सारा घरचा अभ्यास करते — तुमी त्याले गृहपाठ म्हनता, म्हना — अन् सकाळी पाहावं तं पाटी कोरी! धुतल्यावानी! शनवारी तुमी पोरीले कान धरून उभी केली, सगळ्या वर्गापुढं खोटारडी म्हनलं, अन् वरून सांगतलं का असंच राह्यलं तं चवथीच्या परीक्षेले नेत नाही. मी शाळेत आली तं म्हनता कसे, "बाई, आईचं मन आहे, पोरीची बाजू घेणारच." आईचं मन! माझं मन इतकं नरम असतं तं शेजारची भिमाबाई मले तोफ काऊन म्हनली असती?

ए बाई, टमाटे दाबून पाहू नको! जावयाचे गाल हाये का ते? घ्याचे तं घे, नाहीतर पुढं हो.

हं. अन् ती चावडीवरची सभा, तुमीच बलावली होती — घरचा अभ्यास किती असावा. भगवंतराव उठले, दुप्पट द्या म्हनले, पोरं सायेब झाले पायजेत. त्यायच्या घरून शाळेत एक लेकरू जात नाही — दुसऱ्याच्या बैलानं नांगराले काय जाते! मंग मांगं अंधारात आमच्या घरातला एक मानूस उठला, तुमाले तोंड दिसलं नसन. कोन ते इच्यारू नका, मी शपथ घेतली हाये. तो ओरडला, "बंद करा हा घरचा अभ्यास! रातभर पाटीले आराम नाही!" लोक हासले, तुमीबी हासले. मले मात्र तवाच खटकलं. पोरीले आराम नाही म्हनावं मानसानं. पाटीले कायचा आराम लागते?

मले इच्यारसान तं अभ्यास मिठावानी द्यावा. नाही टाकलं तं भाजी आळनी, मूठभर टाकलं तं ढोरबी तोंड लावत नाही. पन आमाले कोन इच्यारते!

तं पाटीचं सांगते. पयले वासरावर आळ घेतला — चाटत असन म्हनलं. पाटी देवळीत ठेवली, तरी कोरी. उतरंडीवर ठेवली, वर कोठीचं झाकन ठेवलं, तरी कोरी! म्हनलं उंदीर अक्षरं खाते का काय? मंग एक दिवस कोंबड्यानं बांग देल्ली, अन् मी डोळे मिटून पडूनच राह्यली. तो सभेत ओरडलेला मानूस उठला. पाटी काढली, उपरन्यात गुंडाळली अन् गोठ्यात गेला. मी मांगं-मांगं. पाहते तं काय — कंदील गव्हानीवर ठेवला हाये, बैल रवंथ करून राह्यले, अन् हा बाप्या मांडी घालून पाटीवर वाकला हाये! आंधी पोरीचं सारं थुकी लावून पुसलं, मंग पेन्शील अशी धरली जसं खुरपं. एक अक्षर काढते, पुसते. काढते, पुसते. जीभ बाहेर आलेली. अन् मी — तोफ — मी दाराच्या आडून पाहतच राह्यली! इतका चांगला दिसत होता मेला त्या उजेडात... असो. तुमाले काय करा लागते ते.

दुपारी वावरात भाकर वाढता वाढता पकडला. तं म्हने, "पोरीचं लिहून झालं न? झालं तं पुसाले काय हरकत? गुरुजी फळा नाही पुसत?" आता काय सांगू! जलमात शाळेची पायरी नाही चढला. अभ्यास दाखवा लागते, हे त्याले कोन सांगन? तुमच्या रातच्या मोठ्या मानसायच्या वर्गात जा म्हनलं, तं म्हने मी पंच, लोक हासतीन. पंचायतीत सारे सही करते अन् मी अंगठा, सही शिकून तो अंगठा तेवढा सुटू दे, तवरक कोनाले सांगू नको. मी शपथ घेतली. म्हनून तं कोंडीत सापडली न मी! इकडं पोरीची परीक्षा, तिकडं याची लाज. म्हनून काल रातीच पाटी मी टोपलीखाली दडवली अन् आज संगं आनली. ही पाहा — एकोनतीसचा पाढा, खालचे गनित, पाहा, एक अक्षर पुसलं नाही! आता तरी नेता का परीक्षेले? नेता न? हां, असं बोला!

काय म्हनता, तो मानूस कोन? घ्या, आलाच. तो काय, डोक्यावर वांग्याची दुसरी टोपली घेऊन. अहो, मांगं काऊन फिरता? या इकडं! गुरुजी खात नाही. टोपली उतरवा. आता लाजून काय होते, सारा बाजार पाहून राह्यला. ही घ्या पेन्शील. पाटी उलटी करा — पोरीचं पुसलं तं पाहा! — ही मागची बाजू आजपासून तुमची. लिवा आपलं नाव. खुरप्यावानी नाही, हलकी धरा. हाव... हाव... काना द्या... झालं!

नाही गुरुजी, तुमी नका वाचू. मी वाचते, चवथी पास हाओ मी. लग्नापासून हे नाव तोंडानं घेतलं नाही, अन् आज घ्यावं तं बाजारात? पन वाचनं म्हंजे घेनं थोडंच हाये! पोरीची पाटी पुसनारा कोन, ऐका — कडूबा!