न धरलेला वीस

—नाही नाही वहिनी, अपघाताच्या कागदावर लिहिलंय तेच खरं, ‘स्वतःहून खाली उतरला’, मीच लिहिलंय ना ते, खाली सही माझीच आहे—बसा आधी, ती खुर्ची नको, तिचा एक पाय लुळा आहे, या मोटारीच्या खोक्यावर बसा, थांबा, पुसून देतो—हं. आता बघा, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी काढायचं म्हटलं की दोघांपैकी एकानं खाली उतरायचं आणि एकानं वर दार धरून उभं राहायचं, वर्षानुवर्षं आम्ही दोघं तेच करत आलो, त्या दिवशी बारक्या उतरला, त्यात विचारण्यासारखं काय आहे? … कोण विचारतंय? मुलगी? बाबांना धोका माहीत होता तर उतरले कशाला, आम्हाला टाकून जायला? … लहान आहे अजून. दोन महिन्यांत बापाचा फोटो उलटा करून ठेवलाय म्हणता, होईल, सरळ करेल तीच. … काय? सकाळी निघताना तुम्हाला म्हणाला होता, खालचा स्विच बिघडलाय, आज मी उतरत नाही म्हणून? … म्हणाला असेल. माणूस घरी काय काय म्हणतो. मी गेली दहा वर्षं बायकोला म्हणतोय, उद्यापासून पळायला जाणार.

नशीब, वहिनी. दुसरं काय म्हणायचं? आणि त्याचं नशीब कसलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको—आमचा रविवारचा खेळ तुमच्याच टेबलावर चालायचा, चहा तुम्ही द्यायचात आणि वर ऐकवायचात, घोडे झालेत पण खेळणी सुटत नाहीत. गोष्ट मी सांगायचो म्हणून मी मास्तर, बाकीचे तिघं त्या गोष्टीतले लोक, आणि आपला बारक्या—चांगला सहा फुटी, म्हणून तर बारक्या म्हणायचो—तो कुऱ्हाडवाला शूरवीर. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, एक पडला की तोंडावर आपटला, वीस पडला की देवानंसुद्धा टाळ्या वाजवाव्यात. आणि बारक्याचा हात—असा हात मी जन्मात पाहिला नाही, पण सगळा भलत्या ठिकाणी! धर्मशाळेच्या मालकाकडं जादा पांघरूण मागितलं—वीस! मग काय, मालकानं पांघरूण दिलं, उशी दिली, आख्खी धर्मशाळा नावावर करून दिली, मला गोष्टीत तसं सांगावंच लागलं. म्हाताऱ्या गाढवाला म्हणाला, जरा सरक—वीस! ते गाढव नुसतं सरकलं नाही, पुढची तीन गावं याच्यामागून रडत आलं. बुटाची नाडी बांधली—वीस! अशी गाठ बसली की सात राज्यांत ती कुणाला सोडवता येईना, गडी बूट घालूनच झोपायचा. आणि मग राक्षस समोर, आम्ही श्वास रोखून बसलेले, यानं फासा फुंकला, टाकला—दोन! … हसा ना. तेव्हा तर ओट्यापाशी उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचात.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही अजून. गाढवाला सरक म्हणायला फासा कशाला लागतो? नाडी बांधायला? लागत नाही. मीच टाकायला लावायचो. माझ्या डोक्यात काय, की याच्या हातात वीस असून असून किती असणार, ते गाढवांवर संपवले तर माझा राक्षस जगेल—खुळेपणा हो, फाशाला कुठं काय आठवतं—पण तीन वर्षं मी हसतहसत त्याचे चांगले फासे मातीत घातले. नियमसुद्धा माझाच. मास्तरनं ‘टाक’ म्हटल्याशिवाय टाकलेला फासा धरायचा नाही. याचा हात उतावळा, मी तोंड उघडायच्या आत टाकून मोकळा, वीस बघून नाचायला लागायचा, आणि मी आपला शांतपणे, बारक्या, मी ‘टाक’ म्हटलं होतं? नाही ना? धरला नाही. तो डोक्याला हात लावून हसायचा, कधी भांडला नाही, मास्तर म्हणतो तो नियम. असे किती वीस गेले त्याचे—पंधरा-सोळा असतील, त्या दिवशीचा धरून—

…

काही नाही. त्या दिवशीचा म्हणजे आधीच्या रविवारचा. … अहो, जीभ घसरली. … असं बघू नका वहिनी.

खड्ड्यात कोण उतरणार ते आम्ही फाशावर ठरवायचो. झालं? कमी पडेल त्यानं उतरायचं. साहेबांना माहीत नाही, चौकशीला आले त्यांना माहीत नाही. जुनी लिफ्ट, खाली काम करताना तिला थांबवून धरणारा तो एवढा एकच स्विच, आणि तो आठ दिवस कधी धरायचा, कधी नाही. बारक्या खरंच म्हणाला, मास्तर, आज नको, आधी स्विच बदलू. मी म्हटलं, वरून ओरडा बसेल, चल, ठरवू फाशावर. त्यानं खिशातून काढला आणि हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर टाकला—वीस. वीस, वहिनी! उडीच मारली, म्हणाला, मास्तर, दुमडा पॅन्ट, उतरा. आणि मी म्हटलं—मी ‘टाक’ म्हटलं होतं?

… गंमत? हो, गंमतच. तीन वर्षं जे म्हणत होतो तेच त्या सुरात तोंडातून निघालं, सवयीनं—नाही. सवयीनं नाही. मला उतरायचं नव्हतं. त्या स्विचचा मलाही भरवसा नव्हता, आणि मला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस नियम मोडायचा नाही. तो हसला. डोक्याला हात लावला. म्हणाला, बरोबर आहे मास्तर, धरला नाही. मग मी म्हटलं, टाक. चार. मला अकरा. यानं पॅन्ट दुमडली, बादली मागून घेतली, शीळ घालत खाली उतरला. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टमध्ये शिरलं आणि खाली यायला निघालं, स्विचनं लिफ्ट धरली नाही. मी ओरडलो. त्यानं वर पाहिलं, माझ्याकडं. तिथं सरकायला जागा नसते, वहिनी, ओरडून उपयोग नसतो.

कागद खोटा नाही. कुणी ढकललं नाही त्याला. स्वतःहूनच… 

… उठलात? … मुलीला सांगणार? वीस पडला होता, हेसुद्धा? बाबा उतरणार नव्हते, मास्तरनं उतरवलं, असं—माझं नाव घेऊन? … नाही, म्हणजे, ती मला काका म्हणते. गेल्या महिन्यात रस्त्यात भेटली तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मीही रडलो, दोघंही म्हणत होतो, असं का केलं त्यानं. … हो. मीसुद्धा म्हणत होतो.

सांगा. सांगायलाच हवं. मी नाही म्हणणार नाही—साहेबांसमोर मात्र… बरं, तिथंही नाकारणार नाही. झालं? आता जा. जा म्हणतोय ना, वहिनी, दारात उभं राहून माझ्याकडं बघू नका. जा.