डाव्या बाजूचा ब्रेक

—नाय नाय, गाडीला लॅपटॉप लावून बघितलं ते बरंच केलं तुम्ही, दादा, पण जरा हळू बोला की, हे तिथं काचेपलीकडंच चहा घेत बसलेत. मशीन चांगलं आहे म्हणता? काहीच बिघाड नाय? अहो, मला माहितीय की! बिघडलंय असं मी कुठं म्हणतेय, हे म्हणतात. गाडी पांढऱ्या पट्ट्याकडं सरकायला लागली की चाक पट्ट्याला लागायच्या आधीच ते टीं टीं वाजतं — व्हय, इंडिकेटर न देता सरकली तरच, कळलं — आणि हे म्हणतात, मी सरळच चालवतोय, त्या आरशामागच्या कॅमेऱ्याचीच नजर वाकडी. शहरात नाय वाजत, शहरात पट्टे शोधावे लागतात. पण वेरूळच्या रस्त्याला लागा, फुलंब्रीकडं निघा, की झालं सुरू. म्हणून परवा आमच्या गल्लीतल्या सांडू ड्रायव्हरला मुद्दाम बसवलं, तर खुलताबादपर्यंत गेला अन् आला, मशीन एकदम खामोश! तर यांचं काय म्हणणं — सांडू घाबरत घाबरत चालवतो, त्याचं काय सांगते. आता बोला!

तुम्ही ओळखलं नाय का यांना? सिडकोत ड्रायव्हिंग स्कूल होतं यांचं. मुकुंदसर म्हटलं की अजून लोक गाडी थांबवून नमस्कार करतात. डॉक्टर, वकील, नव्या सुना, मौलवीसाहेबांच्या लेकी — सगळ्यांना यांनीच शिकवलं. ती शिकवायची गाडी बघितलीय ना तुम्ही, तिला दोन ब्रेक असतात — शिकणारा उजवीकडं, मास्तर डावीकडं, आणि मास्तरच्या पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक. गाडी कधी भरकटणार ते यांना आधी कळायचं बरं का, तुमच्या मशीनच्या कितीतरी आधी. जेवताना सांगायचे मला — सरोजिनी, शिकणाऱ्याच्या हातांकडं बघायचंच नाय, डोळ्यांकडं बघायचं. नजर जिकडं, गाडी तिकडं. म्हशीकडं बघितलं की म्हशीवर जाणार, भेळेच्या गाड्याकडं बघितलं की भेळेच्या गाड्यावर! हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. — मी? नाय हो, मला नाय येत. अख्ख्या गावाला शिकवलं, मला नाय शिकवलं. तुला काय गरज, मी आहे ना, म्हणायचे. आणि मीही कधी हट्ट धरला नाय — खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं रुबाबात शेजारी बसून जायला.

तीच जागा आहे अजून माझी, डावीकडची. फक्त आता मी रस्ता बघत नाय, यांचे डोळे बघत बसते. आणि मला कळतं, दादा. मशीन वाजायच्या आधी कळतं. नजर कशावर तरी गेली असती, म्हशीवर गेली असती, तरी परवडलं असतं — यांची नजर समोरच असते आणि कशावरच नसते. मग हात सैल पडतात, मग तुमचं ते टीं टीं. बरं, मला कळलं आधी, पण कळून मी करू काय? पाय आपोआप दाबला जातो माझा खाली, इतक्या जोरात की परवा चपलेचा अंगठा तुटला. आणि पायाखाली आहे काय, तर नुसतं मॅट. — एक विचारू? हसू नका. त्या शिकवायच्या गाडीसारखा माझ्या बाजूला एक ब्रेक बसवून मिळतो का हो? … कंपनी परवानगी देत नाय. बरं, बरं. मी आपलं विचारलं.

मुलाला सांगा म्हणता? अहो, चिन्मयनंच तर घेऊन दिली ही गाडी, पुण्याहून येऊन. मशीनची गाडी आहे आई, आता काळजी सोड. त्याला वाटतं, बाबांना नवीन चष्मा पाहिजे. आणि डॉक्टरकडं हे येतात कुठं? मला काय धाड भरलीय, म्हणतात, दाखवायचं तर मशीनला दाखवा. म्हणून तर आज इथं आलोत. — नाय, काही झालं नाय तसं. म्हणजे मागच्या रविवारी… ओवी होती गाडीत, चिन्मयची लेक, माझी नात. तिला अजिंठ्याची लेणी दाखवायला चाललो होतो. फुलंब्री मागं पडली, समोरून मक्यानं भरलेला ट्रॅक्टर येतोय, आणि आपली गाडी त्याच्याकडं सरकायला लागली — टीं टीं, टीं टीं. मी ओरडले, अहो! तर यांनी काय करावं? स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले, मांडीवर ठेवले, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले — घाबरू नको बेटा, हळूच रेषेत घे, ब्रेक माझ्याकडं आहे. … बेटा म्हणजे ओवी नव्हे हो. मीही नव्हे. कुणीतरी शिकणारं. यांना वाटत होतं, आपण डावीकडं बसलोय आणि गाडी दुसरंच कुणी चालवतंय! मी हात घालून स्टिअरिंग ओढलं, कसं ओढलं देव जाणे. मागं ओवी टाळ्या पिटत होती, तिला वाटलं आजोबांनी गंमत केली. आणि जरा पुढं गेल्यावर हेच म्हणतात — मशीन दाखवायला पाहिजे एकदा. … हे मी चिन्मयलाही सांगितलं नाय. तुम्हाला कशाला सांगत बसले काय ठाऊक, तुम्ही कोण माझे!

तर एवढी मेहेरबानी करा. पार्ट मागवावा लागेल म्हणा, गाडी इथंच सोडून जा म्हणा, लई दिवस लागतील म्हणा. — खोटं कसं सांगू म्हणता? मग खरं कोण सांगणार? मी? जीभ उचलत नाय हो माझी. काल बाजारात एक डॉक्टरीणबाई वाकून पाया पडली यांच्या, सर, तुम्ही होता म्हणून गाडीला हात लावायची हिंमत झाली — दिवसभर खुशीत होते. तेवढंच उरलंय यांच्याजवळ, आणि तेच मी काढून घेऊ? आणि नाय घेतलं तर… मला भीती वाटते, दादा. रात्रंदिवस भीती वाटते.

थांबा, उठले. — हो हो, झालंच म्हणतायत, आले मी! — बघा, निघाले गाडीकडं. किल्ली तुमच्याच हातात आहे ना? … अगंबाई. डावीकडचं दार उघडलं यांनी. बसले. बेल्टसुद्धा लावला. आणि मला हात करतायत — ये, उजवीकडून बस, घाबरू नको. मी कोण म्हणून बोलावतायत कुणास ठाऊक.

नाय, तुम्ही नका येऊ. किल्ली पण नको, ती तुमच्याकडंच राहू द्या. मी नुसती जाऊन बसते, ते सांगतील तसं स्टिअरिंग धरते. जा तुम्ही, तुमचं दुसरं गिऱ्हाईक ताटकळलंय.